मोसंबीची बाग, मुतखडा आणि व्हिटॅमिन सी च्या गोळ्या: एका घराची केस

आमचं मेडिकल अंबड तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी आहे. ही केस एकाच घरातली असली तरी पेशंट तसे अडीच आहेत, एक नाना, एक त्यांची आई आणि अर्ध्या काकू म्हणजे नानांच्या मंडळी, अर्ध्या यासाठी की त्यांचं फार काही बिघडलं नव्हतं. ओळख पटेल असं सगळं बदललंय, घरच्यांना विचारूनच लिहितोय. मी डॉक्टर नाही, फार्मसिस्ट आहे, त्यामुळं निदान आणि उपचार जे काही खाली येईल ते जालन्याच्या फिजिशियन मॅडमचं आणि युरोलॉजिस्ट सरांचं, माझं काम एवढंच की कोण कुठून काय गोळ्या घेतंय ते एका कागदावर मांडायचं. आणि खरं सांगायचं तर या केसमधे सगळं त्या कागदावरच उलगडलं.

नाना वय ५३, सहा एकर रान, त्यातली चार एकर मोसंबी. तंबाखू नाही, दारू नाही, गावात निर्व्यसनी माणूस म्हणून नाव. बीपीची एक गोळी चालू, शुगर नॉर्मल. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्यांना कोरोना झाला होता, घरीच बरे झाले, तेव्हा सगळ्यांच्याच चिठ्ठीवर झिंक आणि व्हिटॅमिन सी असायचं तसं त्यांच्याही होतं. बाकीच्यांनी चिठ्ठी फेकून दिली, नानांनी ती गोळी धरून ठेवली. "ह्या गोळीनंच मला वाचवलं भाऊ" हे त्यांचं पक्कं मत, आणि अशा मताशी काउंटरवरून भांडता येत नाही.

मधल्या काळात त्यांची एकच तक्रार असायची, सकाळी तीन-चार वेळा संडासला पातळ होतंय, पोटात गुरगुरतंय. पाणी बाधलं म्हणून बोअरचं पाणी बंद करून जार लावला, मग दूध बंद केलं, मग तिखट बंद केलं, कधी जुलाब थांबवायची गोळी न्यायचे तर कधी ओआरएसची पाकिटं. बरं वाटायचं नि परत सुरू व्हायचं. असं सात-आठ महिने चाललं असंल.

मग मे महिन्यात पहाटे तीनला डाव्या कुशीतून जांघेपर्यंत कळ निघाली. उलट्या, घाम, लघवी लालसर. जालन्याला नेलं, इंजेक्शन दिलं, सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात ५ मिमीचा खडा आणि उजव्या किडनीत एक बारका ३ मिमीचा. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.२, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. एवढा खडा बऱ्याचदा आपोआप पडतो म्हणून सरांनी दुखण्याच्या गोळ्या, खडा खाली सरकायला मदत करणारी रात्रीची एक गोळी आणि भरपूर पाणी एवढ्यावरच घरी सोडलं. लघवी गाळून घ्या म्हणाले, तर काकूंनी चहाची जुनी गाळणी त्या कामाला दिली. आठवडाभरात खडा पडला, तो तपासायला पाठवला, रिपोर्ट आला कॅल्शियम ऑक्झलेट.

आता यात नवल काही नाही. मराठवाड्यात मे महिन्यात मुतखड्याचे पेशंट काय कमी असतेत का. बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन, घाम गळतोय, पाणी प्यायचं लक्षात राहत नाही, लघवी घट्ट होते, खडा होतो. आणि खड्यांमधे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच निघतात, म्हणजे नुसत्या रिपोर्टवरून गोळ्यांकडं बोट दाखवता येत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

कागदावरची बेरीज

युरोलॉजिस्ट सरांनी डिस्चार्जच्या चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं, बाकी चालू औषधं कोणती ते लिहून आणा. नाना म्हणाले बीपीची एकच. मी म्हटलं नाना, ताकदीच्या, व्हिटॅमिनच्या, आयुर्वेदिक, पोरानं पाठवलेल्या, सगळ्या घेऊन या, डबा उचलून आणा. हे मी सगळ्यांनाच सांगतो कारण आपल्याकडं व्हिटॅमिनला कुणी औषधात धरतच नाही, चार औषधं विचारली तर चारच सांगतील आणि घरी टेबलावर अजून सहा डब्या असतील.

डबा आला. त्यात पुण्याच्या मुलानं ऑनलाइन पाठवलेली फसफसणाऱ्या गोळ्यांची ट्यूब, एक गोळी १००० मिलिग्रॅम, रोज सकाळी उपाशीपोटी ग्लासात टाकून. मग नारंगी चघळायच्या ५०० च्या गोळ्या, त्या नाना कुठल्या कुठल्या दुकानातून सुट्ट्या घ्यायचे आणि शर्टाच्या खिशात ठेवायचे, बागेत काम करताना एक, संध्याकाळी पारावर एक, तोंडाला चव येते म्हणून. मग गावातल्या डॉक्टरांनी कधीतरी हातापायाला मुंग्या येतात म्हणून दिलेली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल, तिच्यातही १५० मिलिग्रॅम सी. म्हणजे १००० आणि १००० आणि १५०, झाले २१५०. वर घरच्या मोसंबीचा रस हंगामात दोन ग्लास, तो धरला तर अजून दोनेकशे.

आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० ला जे आकडे दिलेत त्यात मोठ्या माणसाची दिवसाची गरज पुरुषाला ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५. नाना रोज २३०० च्या वर घेत होते, म्हणजे जवळपास तीस पट. अमेरिकेत वरची मर्यादा दिवसाला २००० धरतात, तीही ओलांडलेली.

यात एकट्या कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. मुलाला चघळायच्या गोळ्या माहीत नव्हत्या, डॉक्टरांना ट्यूब माहीत नव्हती, सुट्ट्या गोळ्या देणाऱ्याला तर काहीच माहीत असायचं कारण नाही. तीन दारांतून एकच वस्तू घरात येत होती आणि बेरीज कुणीच करत नव्हतं.

नानांचं म्हणणं मात्र एकच, "आरं पण जास्तीचं लघवीतून निघून जातंय म्हणतेत ना?"

जातंय, व्हय. पण कसं जातंय ते बघायला पाहिजे. मी त्यांना विचारलं, नाना, तुम्ही बागेला ठिबकनं पाणी का देता, पाट का सोडत नाही? म्हणाले मुळाला लागतं तेवढंच लागतं, बाकीचं वाया जातंय आणि वरून झाडाला डिंक्या होतोय. मग गोळीचंही तसंच समजा म्हटलं. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत घेतलं तर आतडं त्यातलं बहुतेक सगळं, म्हणजे सत्तर ते नव्वद टक्के शोषून घेतं. एक ग्रॅमच्या वर गेलं की निम्म्याहून कमी शोषलं जातं. साधारण दोनशे ते चारशेच्या दरम्यान रक्तातली पातळी भरून जाते, त्याच्यावर कितीही ओता ती फारशी वाढत नाही. मग उरलेल्याचं दोन ठिकाणी काहीतरी होतं. जे शोषलंच गेलं नाही ते आतड्यात पाणी ओढतं आणि पोट सुटतं. आणि जे शोषलं गेलं त्यातलं जास्तीचं किडनीतून बाहेर पडताना काही भाग ऑक्झलेट होऊन पडतो. तेच ऑक्झलेट कॅल्शियमला धरून खडा करतं.

म्हणजे सकाळच्या पातळ संडासचं उत्तर त्या ट्यूबमधेच होतं! जार, दूध, तिखट, सगळ्यांवर आळ आला, उपाशीपोटी घेतलेल्या १००० च्या गोळीवर कुणाचा संशय गेला नाही. आणि रोज पोट सुटलं की अंगातलं पाणी कमी होणार, उन्हात अजून कमी होणार, लघवी अजून घट्ट. खड्याला जे जे पाहिजे ते सगळं हजर.

एक गोष्ट इथं मुद्दाम सांगतो कारण ती लेबल वाचणाऱ्यांनाही माहीत नसते. ती जी २००० ची वरची मर्यादा आहे ना, ती जुलाब बघून ठरवलेली आहे, पोट बिघडायला लागतं ती रेषा. मुतखडा होणाऱ्या माणसासाठी २००० पर्यंत चालतंय असा त्याचा अर्थ नाही. स्वीडनमधे वीसेक हजार पुरुषांवर जवळपास ११ वर्षं लक्ष ठेवून २०१३ ला एक अभ्यास छापून आला, त्यात व्हिटॅमिन सी ची गोळी घेणाऱ्यांना मुतखडा होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं, आणि तिथल्या गोळ्या बहुतेक १००० च्याच असायच्या. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासातही पुरुषांमधे गोळीच्या सी चा आणि खड्याचा संबंध दिसला, बायकांमधे दिसला नाही, आणि फळं-भाज्यांतून येणाऱ्या सी चा तर दिसलाच नाही. हे निरीक्षणाचे अभ्यास आहेत, म्हणजे गोळीनंच खडा झाला असं त्यातून शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण आधी खडा होऊन गेलेल्या पुरुषानं रोज हजाराची गोळी का घ्यावी याला काही कारणही उरत नाही.

नानांच्या बाबतीत सरांचं मत असं पडलं की ऊन आणि कमी पाणी हे मोठं कारण, गोळ्यांनी त्यात भर घातली. मला हे पटतं. सगळं गोळीवर ढकललं की माणूस गोळी बंद करतो आणि पाणी प्यायचं तेवढंच ठेवतो, मग पुढच्या मे ला परत येतो.

बीपीचं एक राहिलं. फसफसणारी गोळी फसफसते ती सोड्यामुळं, आणि सोडा म्हणजे सोडियम, काही ब्रँडमधे एका गोळीमागं काहीशे मिलिग्रॅम. नाना भाजीत मीठ कमी करा म्हणून काकूंवर ओरडणार आणि स्वतः रोज सकाळी ग्लासातून सोडियम पिणार, असा प्रकार. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि चष्मा घरी असतो.

पण सर्दी तर होत नव्हती

हा नानांचा शेवटचा किल्ला. "दोन-तीन वर्षं झाले, साधी सर्दी नाही मला."

यावर जगात इतकं काम झालंय की बस. लायनस पॉलिंग हा दोन नोबेल मिळालेला माणूस १९७० पासून सांगत होता की मोठ्या डोसनं सर्दी थांबते, तिथून या गोळीला जे वारं लागलं ते अजून उतरलेलं नाही. २०१३ ला कोक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, २९ चाचण्या, ११ हजारांवर लोक एकत्र करून बघितलं. साध्या माणसानं रोज घेतली तरी सर्दी व्हायची ती होतेच, प्रमाण कमी होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमधे साधारण ८ टक्के आणि मुलांमधे १४ टक्के लवकर आटपते. सात दिवसाची सर्दी धरली तर ८ टक्के म्हणजे तेरा-चौदा तास, आणि तेही वर्षभर रोज घेतली असंल तर. शिंक आल्यावर सुरू केली तर ठाम फायदा दिसत नाही. फक्त मॅरेथॉन पळणारे, बर्फात स्की करणारे, कडाक्याच्या थंडीत सराव करणारे सैनिक अशा लोकांत सर्दी निम्म्यावर आली. नाना म्हणाले मी बी रानात राबतोच की. राबताय, पण ते अभ्यास थोड्या दिवसांच्या अतिश्रमाचे होते, बारमाही मोसंबीचे नव्हते.

कोरोनाचंही सांगून टाकतो. अमेरिकेत २०२१ ला घरी उपचार घेणाऱ्या २१४ पेशंटवर चाचणी झाली, काहींना दिवसाला ८००० मिलिग्रॅम सी, काहींना झिंक, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. लक्षणं कमी होण्यात फरक पडला नाही. नानांना मी हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. ते "बरं" कुठल्या जातीचं असतं ते गावाकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

आजी

डबा परत भरताना नाना सहज म्हणाले, मग ह्या गोळ्या आईला देऊ का, तिला लई थकवा हाय आन पायावर डाग पडायलेत.

मी डाग म्हटल्यावर थांबलो. फोटो होता का, होता, नातवानं काढलेला. दोन्ही नडग्यांवर आणि पोटऱ्यांवर बारीक लालसर ठिपके, सुई टोचल्यासारखे, आणि मधे मधे मुका मार लागल्यासारखे निळे-काळे पट्टे. आजी वय ७८. घरच्यांचं म्हणणं म्हातारपणात कातडी पातळ होते, कुठंतरी लागलं असंल. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का विचारलं, नाही.

मग जेवणाचं विचारलं आणि तिथं चित्र बदललं. आजीला एकही दात नाही, कवळी बनवलेली पण टोचते म्हणून डबीत. सकाळी चहात टोस्ट, दुपारी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, संध्याकाळी तेच किंवा वरण-भात. भाजी चावत नाही. फळ? मोसंबीच्या बागेचं घर, सप्टेंबरात अंगणात क्रेटची थप्पी लागते, व्यापारी जालन्याची मोसंबी म्हणून ट्रक भरून नेतो, या मोसंबीला जीआय मानांकन आहे, आणि आजी एक फोड तोंडात घालत नाही. का, तर "आंबट खाल्लं की गुडघे धरतेत लेकरा." लिंबू नाही, चिंच नाही, कच्चा टमाटा नाही, लोणचं नाही. वर्षानुवर्षं. शिवाय मिश्री लावायची सवय, आणि गॅस असूनही भाकरी चुलीवरच.

मी फिजिशियन मॅडमकडं पाठवलं आणि चिठ्ठीवर जेवणाचं सगळं लिहून दिलं. मॅडमनी तपासलं, प्लेटलेट नॉर्मल, हिमोग्लोबिन ९.४, लिव्हर-किडनी ठीक. पायाचे केस भिंगातून बघितले, ते स्प्रिंगसारखे वळलेले आणि ठिपके बरोबर केसांच्या मुळाभोवती. निदान स्कर्व्ही. जहाजावरच्या खलाशांचा रोग म्हणून आपण शाळेत शिकतो तो, १७४७ ला जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरनं बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून बघितले आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघं सगळ्यात लवकर उठले, तोच. इथं तो मोसंबीच्या बागेत सापडला.

कुणाच्या लक्षात का आलं नाही याला एक कारण आहे आणि ते मला मॅडमनी सांगेपर्यंत डोक्यात नीट बसलं नव्हतं. स्कर्व्ही म्हटलं की सगळे हिरड्या बघतात, सुजलेल्या, रक्त येणाऱ्या. पण हिरडीचं ते लक्षण दात असतील तिथंच होतं. ज्याला दातच नाहीत त्याच्या हिरड्या चांगल्या दिसतात. म्हणजे ज्यांना चावता येत नाही म्हणून हा रोग होतो त्यांच्यातच त्याची ओळखीची खूण गायब असते! मग उरतं काय, थकवा, पाय दुखणं, अंगावर डाग, जखम लवकर न भरणं, आणि हे सगळं म्हातारपणाच्या खात्यावर टाकायला सोपं.

अंगात सी चा साठा साधारण दीड हजार मिलिग्रॅम असतो, रोजचं दहा मिलिग्रॅमच्या खाली गेलं की एक ते तीन महिन्यांत तो इतका आटतो की लक्षणं दिसायला लागतात. दूध-भाकरीत सी जवळपास नाहीच, आणि वरणात जे काही असंल ते शिजताना जातं. हे आजीपुरतंच आहे असंही समजू नका. २०११ ला छापून आलेल्या एका अभ्यासात साठीच्या वरच्या लोकांचं रक्त तपासलं होतं, उत्तर भारतात सुमारे ७४ टक्के आणि दक्षिणेत ४६ टक्के लोकांत व्हिटॅमिन सी कमी निघालं, आणि तंबाखू आणि लाकूड-गोवऱ्यांच्या धुराशी त्याचा संबंध दिसला. सगळ्यांना स्कर्व्ही होता असं नाही, पातळी कमी होती. तरी मिश्री आणि चूल या दोन्ही गोष्टी आजीच्या घरात बसल्या जागी होत्या.

उपचार काय, तर नानांच्या डब्यातलीच गोळी. मॅडमनी आजीला पहिला आठवडा दिवसाला ५०० सांगितलं, दोन वेळा अर्धी अर्धी, कुटून पाण्यात कालवून कारण चघळता येत नाही, मग पुढं काही आठवडे १०० च्या आसपास आणि सोबत जेवणात बदल. जी वस्तू मुलाला खडा करायला हातभार लावत होती तीच आईला लागत होती, आणि दोघं एकाच छताखाली. तीन-चार दिवसांत आजी स्वतः उठून अंगणात बसायला लागली. ठिपके दोन-तीन आठवड्यांत फिके पडले. गुडघे? ते दुखतच होते, दुखणारच, झीज झालेली आहे, पण आंबटानं वाढलं नाही हे आजीनं स्वतः कबूल केलं, आणि माझ्या हिशोबानं या केसमधलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

जेवणाचं ठरवताना मॅडमनी महागडं काही सांगितलं नाही. एका मध्यम मोसंबीत ५०-६० मिलिग्रॅम सी असतं, म्हणजे एक मोसंबी पिळून लगेच प्यायली की आजीची दिवसाची गरज जवळपास भागली. हंगाम नसंल तर लिंबू, पण पिळायचं ते वरण ताटात वाढल्यावर, उकळत्या पातेल्यात नाही. पिकलेला पेरू बिया काढून कुस्करून, पेरूत शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर असतं आणि हंगामात स्वस्तात मिळतो. आवळ्याला अन्नघटकांचे जुने तक्ते शंभर ग्रॅममागं ६०० सांगतात, २०१७ च्या नव्या तक्त्यात साधारण २५० आहे, म्हणजे आवळ्याची कीर्ती थोडी उतरली पण तरी तो राजाच. कोथिंबीर, कच्ची कोबी, शेवग्याचा पाला हेही आहेत, पण बिनदाताच्या माणसाला कोबी सांगून काय उपयोग.

काकूंचं थोडक्यात. हिमोग्लोबिन १०, लोहाची गोळी चालू, आणि ती गोळी रोज सकाळी चहासोबत. चहा लोह शोषू देत नाही. त्यांना कुणीतरी सांगितलेलं की लोहाच्या गोळीसोबत व्हिटॅमिन सी ची गोळी घ्यावीच लागते. जेवणातल्या लोहासाठी लिंबू-मोसंबी नक्की मदत करतं, भाकरी-पालेभाजीतलं लोह सी मुळं जास्त शोषलं जातं. पण लोहाच्या गोळीसोबत सी ची वेगळी गोळी हवीच असं नाही, चीनमधे ४४० पेशंटवर २०२० ला झालेल्या चाचणीत नुसतं लोह आणि लोह अधिक सी, दोन्ही गटांत हिमोग्लोबिन सारखंच वाढलं. काकूंना एकच बदल सांगितला, चहा आणि गोळीत दोन तासाचं अंतर. एक खर्च वाचला.

काय बंद, काय चालू

नानांचं असं ठरलं. ट्यूब बंद, चघळायच्या बंद, कॅप्सूल डॉक्टरांना विचारून बंद. मोसंबीचा रस मात्र बिनधास्त, साखर-मीठ न घालता, कारण लिंबूवर्गीय फळांत सायट्रेट असतं आणि ते उलट खडा होऊ देत नाही. नानांना हे ऐकून फार समाधान वाटलं, म्हणाले म्हणजे माल आपलाच चांगला. पाणी इतकं की दिवसाला अडीच लिटरच्या आसपास लघवी झाली पाहिजे, मे मधे त्यासाठी किती प्यावं लागंल ते लघवीच्या रंगावरून बघायचं. पापड, खारं, लोणचं कमी. दूध-दही त्यांनी खड्याच्या भीतीनं परत बंद केलं होतं, ते चालू करायला लावलं, कारण जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि संडासवाटे बाहेर काढतं. कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेट मोकाट. हे उलटं वाटतं पण तसंच आहे.

पातळ संडास गोळ्या बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात थांबलं. मला या केसमधला सगळ्यात सरळ पुरावा हाच वाटतो, खड्याबद्दल वाद घालता येईल, याच्याबद्दल नाही.

आता काउंटरवर हजाराची गोळी कुणी मागितली की आम्ही विचारतो, खडा झालाय का कधी, किडनी कमजोर आहे का, थॅलेसेमिया किंवा अंगात लोह जास्त असण्याचा आजार आहे का, जी६पीडीची (लाल रक्तपेशी जपणारं एक एन्झाइम) कमतरता सांगितलीय का. यातलं एकही असंल तर मोठा डोस डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, लोह जास्त असणाऱ्यांत सी ते अजून वाढवतं आणि जी६पीडी कमी असणाऱ्यांत फार मोठ्या डोसनं रक्तपेशी फुटू शकतात. दंडावर शुगरचा सेन्सर लावणाऱ्यांनाही सांगतो, काही सेन्सर जास्त सी घेतलं की शुगर खोटी वाढलेली दाखवतात. आणि चघळायची गोळी दिवसभर गालात धरून ठेवू नये, ॲसिड आहे ते, दातावरचा थर खातं. ज्याला काहीच नाही आणि खाण्यात फळ-भाजी नाही त्यानं १०० ची गोळी घेतली तर बिघडत नाही. त्याच्यावर जाण्यात मला तरी काही फायदा दिसत नाही, पैसे मात्र जातात.

सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली. उजवीकडचा ३ मिमीचा तसाच आहे, वाढला नाही, नवीन नाही. आजीचं हिमोग्लोबिन ९.४ वरून १०.८, त्यात मॅडमनी लोहही सुरू केलं होतं त्यामुळं श्रेय एकट्या सी चं नाही.

मधे पुण्याहून मुलाचा फोन आला, काका, मग आता आवळ्यापासून बनवलेल्या नॅचरल व्हिटॅमिन सी च्या गोळ्या पाठवू का पप्पांना, त्या केमिकल नसतात ना. त्याला सांगितलं की बाळा, ॲस्कॉर्बिक ॲसिड आवळ्यातून काढलं काय नि कारखान्यात बनवलं काय, रेणू तोच, किडनीला पत्ता विचारायची सवय नाही, तू डबीच्या मागं किती मिलिग्रॅम लिहिलंय तेवढं वाच. वाचून म्हणाला एका गोळीत १०००. मग नको म्हटलं, आणि पाठवायचंच असंल तर आजीला लिंबू पिळायचं एक चांगलं यंत्र पाठव, इथलं तुटलंय.